धुराड्यापासून सुटलेला विस्तव

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून दोघातिघांनी विचारलं, की हे इतिहासाचं व्याख्यान आहे की विजेच्या सामानाच्या दुकानातलं? प्रश्न रास्त आहे. "घरासाठी हीटर कोणता घ्यावा" हा प्रश्न आपल्याकडे डिसेंबरात आठवडाभर पडतो आणि संक्रांतीनंतर विसरला जातो. पण ज्यांची मुलं दिल्लीला नोकरीला आहेत, कॅनडात शिकायला आहेत किंवा ज्यांच्या घरी नव्वदीचे आजोबा आहेत, त्यांना तो खरोखरच पडतो. हा प्रश्न माणूस निदान सोळाशे वर्षं विचारत आलाय आणि त्याचं उत्तर चुकलं तर सकाळी उठत नाही, एवढं तो गंभीर आहे.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. चूल एका जागी असते. आपल्या कौलारू घरात विलायती धाटणीची चिमणी नव्हती, पण चुलीच्या वर कौलांत धुराडं ठेवलेलं असायचं, आणि नसलं तरी कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा. युरोपात भिंतीतली अंगेठी आणि तिच्यावर उंच चिमणी. म्हणजे विस्तव आणि धुराची वाट यांची जोडी ठरलेली. तुम्हाला ऊब हवी तर विस्तवाजवळ जाऊन बसा. याउलट विस्तवाने तुमच्याजवळ यावं असं वाटलं, तर त्याला धुराड्यापासून तोडावं लागतं. घरात उचलून नेता येणाऱ्या प्रत्येक उबेच्या साधनाचा इतिहास म्हणजे या ताटातुटीचा इतिहास आहे. धुराड्याचं काम आता कोण करणार, हा प्रश्न दर पिढीने आपापल्या परीने सोडवला, किंवा सोडवलाच नाही.

यातली एक जुनी आणि सविस्तर हकिगत एका रोमन सम्राटाने स्वतः लिहून ठेवली आहे. ज्युलियन त्याचं नाव. इसवी सन ३५७-५८च्या सुमाराचा हिवाळा तो ल्युटेशियात, म्हणजे आजच्या पॅरिसमध्ये काढत होता. तेव्हा तो सम्राट झालेला नव्हता, गॉल प्रांताचा कारभार बघत होता. त्या वर्षी थंडी अशी, की सेन नदीतून बर्फाच्या लाद्या वाहत होत्या. तिथल्या घरांना गरम करण्याची पक्की सोय होती. पण ज्युलियन हट्टी, तपस्वी वृत्तीचा माणूस. थंडीची सवय व्हायला हवी म्हणून त्याने ती सोय वापरूच दिली नाही. थंडी फारच वाढली तेव्हा त्याने तडजोड केली, की खोलीत थोडे निखारे आणून ठेवा. अगदी थोडे. मग त्याला गुंगी आली, डोकं जड झालं, जीव गुदमरला. लोकांनी उचलून बाहेर आणलं, वैद्यांनी उलटी करायला लावली, रात्र बरी गेली आणि दुसऱ्या दिवशी स्वारी कामाला हजर. पुढे ३६३ साली अँटिऑकमध्ये बसून 'मिसोपोगॉन' नावाच्या उपरोधिक लेखात त्याने हा किस्सा सांगितला.

आता गंमत बघा. ज्युलियनने दोष कोणाला दिला? भिंतींना! निखाऱ्यांच्या उबेने ओल्या भिंतींतून वाफ निघाली आणि ती माझ्या डोक्यात गेली, असं त्याचं निदान. निखारे तर किती थोडे होते! हा माणूस विद्वान होता, तत्त्वज्ञान शिकलेला होता. तरी निखाऱ्यांवर संशय घ्यावा असं त्याला वाटलं नाही, कारण धूर दिसला नाही.

या साऱ्या इतिहासातली मोठी फसगत हीच आहे. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, खोकला येतो, माणूस आपसूक उठून दार उघडतो. कोळशाला धूर नाही, म्हणून तर लोकांनी तो घरात आणला. पण कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. १८५७च्या सुमारास फ्रान्सच्या क्लोद बर्नारने दाखवलं, की हा वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पट. १८९५मध्ये ब्रिटनच्या जॉन स्कॉट हॉल्डेनने तो स्वतः हुंगून आपल्यावर काय परिणाम होतो याच्या नोंदी केल्या. त्याच्याच सल्ल्यावरून पुढे खाणीत पिंजऱ्यातले पक्षी नेऊ लागले, कारण छोट्या जिवाला विषबाधा आधी होते. ज्युलियनपासून इथपर्यंत पंधराशे वर्षं गेली.

आता आपल्याकडे येऊ. 'अमरकोशा'त उचलत्या विस्तवाला नावं दिलेली आहेत: अंगारधानिका, अंगारशकटी, हसन्ती, हसनी. हसन्ती म्हणजे हसणारी. लाल निखाऱ्यांनी भरलेल्या भांड्याला हे नाव कोणाला सुचलं असेल, त्याला दाद द्यायला हवी. आणि शकटी म्हणजे छोटी गाडी. आपल्या मराठी 'शेगडी'चं मूळ या शकटीतच सांगतात. गुजरातीत सगडी. म्हणजे चूल आणि शेगडी यांतला फरक आपल्या भाषेतच आहे: चूल मांडतात, शेगडी उचलतात.

काश्मीरची कांगडी ही याच कुळातली. ती काश्मिरी लोकांना मुघलांच्या लवाजम्यातल्या इटालियन माणसांनी शिकवली, अशी एक कथा इंग्रज प्रवाशांनी पसरवली. कारण काय, तर इटलीतही तसं निखाऱ्यांचं भांडं असतं! अमरकोश मुघलांच्या किती शतकं आधीचा आहे, हे लक्षात घेतलं तर या कथेचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

कांगडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आत मातीचं वाडग्यासारखं भांडं, बाहेरून लवचिक काड्यांची विणलेली टोपली, वर धरायला कडी आणि निखारे ढवळायला दोरीने बांधलेली छोटीशी पळी. चरार-ए-शरीफची कांगडी विशेष नावाजलेली. त्यात कोळसा भरतात, चिनारच्या पानांचाही. तिकडे हिवाळ्याचं स्वतंत्र पंचांग आहे: २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द, मग १० दिवस चिल्लई बच्चा. या दिवसांत माणूस पायघोळ फेरन घालतो आणि फेरनाच्या आत कांगडी धरून चालतो, बसतो, दुकान चालवतो.

याला मागासलेपण म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. विचार करा, कांगडीवाला खोली गरम करतच नाही. तो एक माणूस गरम करतो. फेरन हीच त्याची खोली. ओंजळभर निखाऱ्यांत पुष्कळ वेळ निघतो, आणि तो घराबाहेर, मोकळ्या हवेत फिरत असेल तर वायूही साचत नाही. इंधन महाग आणि घर गळकं असेल तर याहून शहाणपणाचा उपाय सापडणं कठीण. तीच कांगडी रात्री बंद खोलीत पांघरुणात घेतली, की हिशेब फिरतो. तिथे विषही आहे आणि आगही.

आणि तिचं आणखी एक देणं आहे. १८६५मध्ये श्रीनगरला आलेल्या विल्यम एल्मस्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६मध्ये लिहिलं, की इथल्या लोकांना पोटावर आणि मांड्यांवर कातडीचा कर्करोग होतो, जो इतरत्र त्या जागी सहसा दिसत नाही. कांगडी बरोबर तिथेच टेकते. वर्षानुवर्षं त्याच जागी शेक बसून आधी कातडीवर जाळीदार तपकिरी डाग पडतात आणि काहींच्या बाबतीत पुढे गाठ होते. श्रीनगरच्या मिशन हॉस्पिटलात अनेक वर्षं शस्त्रक्रिया करणाऱ्या अर्नेस्ट नेव्हने १९२३मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये यावर लेख लिहिला. कर्करोग माणसाच्या सवयीतून येऊ शकतो हे दाखवणाऱ्या जुन्या उदाहरणांत कांगडीचं नाव आदराने घेतात.

इथे कोणी म्हणेल, मग चिमणीच बरी. थांबा. कर्करोगाचं कारण धंद्यात शोधणारं अगदी पहिलं नावाजलेलं निरीक्षण कोणाचं? लंडनच्या पर्सिव्हल पॉटचं, १७७५ सालचं, आणि ते होतं चिमण्या साफ करणाऱ्या पोरांबद्दल. पाच-सहा वर्षांची पोरं अरुंद चिमणीत चढवायचे, अंगावर काजळी बसायची आणि मोठेपणी अंडकोशाच्या कातडीला कर्करोग व्हायचा. म्हणजे धुराडं असलं तरी धुराची किंमत फुकट झाली नव्हती. ती दुसऱ्या कोणाच्या तरी पोराने चुकवली होती. हे डोक्यात ठेवा, विजेकडे गेल्यावर लागणार आहे.

महाराष्ट्रात थंडीसाठी शेगडी अशी फारशी लागली नाही. आपली शेगडी बाळंतिणीची. 'शेकशेगडी' हा शब्दच सांगतो. खाटेखाली निखारे, त्यावर ओवा, शेपा, धूप. वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. हेतू मायेचा, पण रचना नेमकी ज्युलियनच्या खोलीची! जुन्या बायका एक शहाणपण पाळत: शेगडी अंगणात पेटवायची, धूर निघून जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले की मगच आत आणायची. यात अर्धं तथ्य आहे. निखाऱ्यावर जी निळसर ज्योत नाचते ती कार्बन मोनॉक्साइड जळतानाची. ती जळते आहे तोवर निदान तो वायू जळतो तरी. ज्योत विझली, वर राख धरली, की आतला निखारा कमी हवेत धुमसत राहतो आणि वायू न जळताच बाहेर येतो. म्हणजे "आता विस्तव शांत झाला, झोपू या" ही वेळ सगळ्यात वाईट. उत्तर भारतात दर थंडीत अंगीठी खोलीत घेऊन झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, त्या याच वेळेच्या असतात. त्या खोल्यांत बहुधा मजूर असतात, पहारेकरी असतात. त्यांना धोका माहीत नसतो असंही नाही. थंडीही मारतेच, आणि ती तर आत्ता समोर उभी असते.

विसाव्या शतकात कोळशाची जागा रॉकेलने घेतली. हे प्रकरण ब्रिटनचं सांगतो, कारण तिथे ते कायद्यापर्यंत गेलं. तिथे बैठकीच्या खोलीत कोळशाची अंगेठी आणि झोपायच्या खोल्या गारठलेल्या, अशी घरं सर्रास. डिसेंबर १९५२मध्ये लंडनवर धुरकं बसलं, ५ ते ९ तारखेपर्यंत हललं नाही, हजारो माणसं गेली. त्यातून १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला आणि शहरांत धूर करणाऱ्या कोळशावर बंधनं आली. त्याच काळात रॉकेलचे हीटर घरोघर पसरले: अलादीन, व्हॅलर. रॉकेलला रंग देऊन जाहिराती चालायच्या, एका कंपनीचं गुलाबी, दुसरीचं निळं. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या नव्या स्थलांतरितांचा, म्हणजे वेस्ट इंडीजमधून, भारत-पाकिस्तानातून आलेल्यांचा, हाच आधार. भिंतीतल्या विजेच्या मीटरमध्ये नाणी टाकायची तर परवडत नाही, रॉकेल मात्र डब्याने आणता येतं.

रॉकेल जळताना वायूशिवाय आणखी काय सोडतं? पाणी. एक लिटर रॉकेल जळलं की साधारण एक लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत येतं. ते गार भिंतीवर जमतं, कागद सुटतो, बुरशी धरते. ओल्या भिंती ही ज्युलियनची तक्रार इथे खरी ठरली म्हणायची. पण मोठा धोका आगीचा. वाऱ्याच्या झोताने काही हीटरांची ज्योत भडकायची, कोणाचा धक्का लागला की हीटर कलंडायचा. माणसं मेली, ओरड झाली आणि १९६०मध्ये पार्लमेंटने अशा हीटरांसाठी दर्जा ठरवणारा कायदा केला.

त्याच्या आधी, १९५२मध्ये, आणखी एक कायदा झाला होता, त्याबद्दल मला जास्त बोलायचंय. तुमच्या हीटरपुढे तारेची जाळी असते ना? ती शोभेची नाही. बर्मिंगहॅममध्ये लेनर्ड कोलब्रुक नावाचे डॉक्टर भाजलेल्या रुग्णांचं काम करत होते. भाजलेली मुलं कुठून येतात, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या, आणि १९४९मध्ये हजार रुग्णांचा आढावा छापला. उघड्या विस्तवाजवळ, उघड्या हीटरजवळ गेलेली लहान मुलं. त्यांचा झगा पेटतो. कोलब्रुक यांचं म्हणणं असं, की मलमं शोधण्याआधी जाळी लावा. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९५२च्या कायद्याने गॅस, वीज आणि तेलाच्या हीटरांना जाळीशिवाय विकायला बंदी झाली. आईने लक्ष ठेवायला हवं होतं, असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. त्याऐवजी वस्तू बदलली.

आता वीज. विजेने ऊब मिळते हे माहीत होतं, अडचण तारेची होती. लोखंडाची तार तापवली की हवेतल्या प्राणवायूने गंजून तुटते. म्हणून सुरुवातीच्या काही हीटरांत चक्क मोठे लांबुळके दिवे लावलेले असत! १९०६मध्ये अमेरिकेच्या अल्बर्ट मार्शला निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. साधारण ८० भाग निकेल, २० भाग क्रोमियम, म्हणजे आपलं नायक्रोम. तापल्यावर तिच्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तोच तिला वाचवतो. पुढे १९१२मध्ये इंग्लंडात चार्ल्स बेलिंगने मातीच्या पट्टीवर ही तार गुंडाळून खोलीत ठेवायचे हीटर करायला घेतले. आजच्या सळईच्या हीटरचा हा पणजोबा.

निखारा नाही, रॉकेल नाही, वायू नाही. विस्तव धुराड्यापासून सुटला आणि तरी खोलीत विष नाही, हे इतिहासात पहिल्यांदा झालं. पण धुराडं गेलं कुठे? नागपुरात थंडीच्या रात्री हीटर लावला, तर त्या विजेतला मोठा वाटा कोळशाचा, आणि त्या कोळशाची धुराडी कोराडीला आणि चंद्रपूरला आहेत. तिथेही माणसं श्वास घेतातच. मुंबईला १९१५पासून खोपोलीची पाण्याची वीज मिळत होती, तो प्रकार वेगळा. हीटर घेऊच नका असं मी म्हणत नाही, ज्याला थंडी वाजते त्याने घ्यावा. मात्र "विजेचा म्हणजे स्वच्छ" हे वाक्य खोलीपुरतंच खरं आहे.

मग घ्यायचा कोणता? दुकानात गेलात तर विक्रेता म्हणेल, ऑइल हीटर जास्त गरम करतो, सिरॅमिक कमी वीज खातो. तारेचा असो, तेलाचा असो, पंख्याचा असो, १००० वॉटचा हीटर तासाला एक युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. यात कोणी जादू केलेली नाही. फरक ती उष्णता कुठे जाते याचा. सळईचा हीटर समोरच्या माणसाला शेकतो, तो कांगडीचा भाऊ. म्हणून मोठ्या, फटी असलेल्या खोलीत एकजण बसणार असेल तर तो बरा. पंख्याचा ब्लोअर लहान खोलीतली हवा पटकन गरम करतो, बंद केला की तितक्याच पटकन गार. तेलाचा हीटर, जो इटलीच्या देलोंगी कंपनीने १९७०च्या दशकात घरोघर नेला, तो सावकाश तापतो, सावकाश निवतो. लाल तार नाही, त्यामुळे पांघरूण लागून पेटायची भीती कमी. रात्रभर लावायचाच असेल तर हाच. आपण 'ऑइल' म्हणतो, पण ते तेल जळत नाही, फक्त तापतं. हे मुद्दाम सांगतो, कारण रॉकेलच्या हीटरशी याची गल्लत होते. थंडीत उलटा चालणारा एसी या सगळ्यांपेक्षा कमी विजेत ऊब देतो, कारण तो उष्णता निर्माण करत नाही, बाहेरून ओढून आणतो. पण तो भिंतीला खिळलेला, अर्धा घराबाहेर. पुन्हा एका जागचा विस्तव आणि त्याचं धुराडं!

हिशेब मांडायचा तर असा: २००० वॉटचा हीटर सतत आठ तास चालला तर १६ युनिटं. शंभर वॉटची विजेची चादर आठ तासांत एक युनिटही खात नाही. ती अंग गरम करते, खोली नाही. काश्मिरी माणसाला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. फक्त झोपेत हालचाल न करता येणाऱ्या आजाऱ्याला आणि तान्ह्या बाळाला ती देऊ नये. कांगडीने शिकवलेला तो डागाचा धडा इथेही लागू आहे.

आणि प्लग. २३० व्होल्टवर २००० वॉट म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. ज्या बोर्डात मोबाइल लावता त्या ६ अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये आणि त्याच्या एक्स्टेन्शनवर हा भार टाकायचा नाही, मोठा १६ अँपिअरचा प्लग हवा. हीटर कलंडला की आपोआप बंद होणारा घ्या. वाळत घातलेले कपडे, पडदा, गादी यांपासून निदान तीन फूट लांब ठेवा. गॅसचा किंवा कोळशाचा काहीही प्रकार असेल तर खिडकी उघडी हवी आणि झोपताना तो विझलेला हवा. बाथरूममधला गॅस गीझर हाही याच घराण्यातला. दार बंद, झडप बंद, आणि आंघोळीला लागणारा तेवढा वेळही पुरतो.

बाळंतिणीच्या शेगडीबद्दल एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे, की आमच्या घरी अजून करतात, काय करू? शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळून. ओव्याचा वास हवा असेल तर ओवा तव्यावर भाजा आणि पुरचुंडी जवळ ठेवा. निखारे खाटेखाली नकोत. सासूबाई ऐकत नसतील तर त्यांना ज्युलियनची गोष्ट सांगा, रोमच्या सम्राटालाही उचलून बाहेर आणावं लागलं होतं म्हणावं. बाकीच्या चिठ्ठ्या आता घेऊ.